अदलाबदल

दुकानाला सुट्टी होती, म्हणून शटर अर्धं ओढून घेतलं होतं आणि मागच्या खोलीत सगळे जमेल तसे टेकले होते. जुन्या फर्निचरच्या दुकानात बसायला खुर्च्यांची वाण असते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. खोली खुर्च्यांनी भरलेली, पण एकीचा पाय लंगडा, दुसरीची पाठ गेलेली, तिसरीला बैठकच नाही. काकू एका लाकडी पेटीवर बसल्या होत्या. वहिनी उभीच होती. एकुलती एक धड खुर्ची दादाला मिळाली होती आणि त्यानं सुजलेले पाय समोरच्या स्टुलावर ठेवले होते. सगळ्यांची नजर फिरून फिरून त्या पायांवर जात होती आणि त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

बेबी कोपऱ्यात जमिनीवर बसून एका खुर्चीची बैठक वेतानं विणत होती. सत्तेचाळीस वर्षांची बाई, केस निम्मे पिकलेले, तरी घरादाराची ती बेबीच. नाव वडिलांनी, अण्णांनी, लाडानं ठेवलेलं. अण्णा गेले, त्यांच्यामागून लाडही गेले, नाव तेवढं मागे राहिलं. सासर सोडून ती परत आली तेव्हा दादानं तिला दुकानावरची खोली दिली, स्वतः उभं राहून पंखा बसवून घेतला आणि त्यानंतर तो जिना काही चढला नाही. भांडण नव्हतं. वरच्या खोलीत दादाचं काही काम नव्हतं, इतकंच.

"काका कुठे आहेत?" दादानं विचारलं.

"येतील," काकू म्हणाल्या आणि पदराचं टोक उगाचच नीट करू लागल्या. काकू खोटं बोलत नसत, पण खरं सांगायची वेळ आली की त्यांचा पदर फार विस्कटायचा.

"त्यांचं येणं-जाणं राहू दे," वहिनी म्हणाली. "तुम्ही आधी सांगा, सकाळी तुम्ही तिथून उठून आलातच कसे? डॉक्टर ॲडमिट व्हा म्हणतात आणि हे चालले घरी. शाळेच्या पोरासारखं."

"घरी विचारून येतो म्हटलं."

यावर खोलीत कुणी हसलं नाही, नाहीतर हसण्यासारखं ते होतंच. दादानं जन्मात एकही गोष्ट घरी विचारून केली नव्हती.

सकाळी त्याच्याबरोबर बेबी होती. वहिनीला हॉस्पिटलच्या वासानं चक्कर यायची, म्हणून तपासणीला दरवेळी बेबीच जायची. रक्ताचा रिपोर्ट बिघडलेला, मागच्या वेळेपेक्षा पुष्कळच. मग पोटाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई बेबीपेक्षा लहान असतील, पण समजावून सांगायची त्यांची हातोटी चांगली होती. पाठकोऱ्या कागदावर त्यांनी एक वाटाण्याएवढा गोल काढला, मग त्याच्याभोवती दुसरा, मोठा. "किडनी फुगलीय," त्या म्हणाल्या. "लघवी नीट तयार होतेय. पण ती खाली मूत्राशयात उतरते ती नळी, मूत्रवाहिनी, आपण जिथं जोडली तिथं आवळून अरुंद झालीय. वाट बंद, म्हणून लघवी मागे साठतेय आणि किडनीला दाबतेय. आज पोटावरून एक बारीक नळी आत घालून निचरा करू. जीव वाचेल किडनीचा. मग वाट कशी मोकळी करायची ते सावकाश बघू. पण निचरा आजच. असा दाब राहिला तर चांगली किडनी हकनाक जाईल."

बेबीनं सगळं मन लावून ऐकलं होतं. दादा त्या वेळी खिडकीबाहेर बघत होता.

"मला नळीबिळी नको," तो आता म्हणाला. "पोटातून नळी काढायची, कमरेला पिशवी लटकवायची आणि गिऱ्हाइकापुढे उभं राहून टेबलाचा भाव सांगायचा. आणि कशासाठी? शरीरच नको म्हणतंय तिला. पहिल्यापासून मला ती माझी वाटलीच नाही. पाहुणा येऊन बसावा तशी बसलीय."

"शरीर नको म्हणत नाहीये," बेबी म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या, किडनी चांगली आहे. नुसती वाट..."

"तू थांब जरा," दादा म्हणाला.

बेबी थांबली. थांबायची तिला सवय होती.

"आणि हे आजचं नाहीये," वहिनी काकूंकडे वळून म्हणाली. "मला काल कळलं. दोन आठवडे लघवी कमी होतेय, आणि हे काय करतात? तांब्यावर तांबे पाणी पितात! कुणाला कळू नये म्हणून. मला म्हणतात, उन्हाळा फार आहे."

"तुला सांगून काय झालं असतं? रडली असतीस."

"रडले असते आणि तुम्हाला ओढत घेऊन गेले असते."

काकूंनी मान डोलावली. काकूंची मान कोणाच्याही बाजूनं डोलायची, पण वहिनीच्या बाजूनं जरा लवकर. "आपलं नशीबच फुटकं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "तिकडे आपल्या बेबीची कशी छान लागली."

"छान लागणारच," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. "वन्संची तिकडे मस्त चाललीय. परक्या बाईच्या पोटात. आणि आमच्या वाट्याला हे आलं."

बेबीच्या हातातला वेत सटकला. तिनं तो पुन्हा पाण्यात बुडवला आणि भोकातून ओवून घेतला. शब्द जायचे तिथं जाऊन बसले.

गोष्ट अशी होती की बेबीची किडनी दादाला चालत नव्हती. रक्तगट जुळत नव्हता. वहिनीला साखर, काकांचं वय झालेलं. मग हॉस्पिटलनंच एक जोडी शोधून काढली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक चष्मेवाला होता. त्याची किडनी त्याच्या बायकोला चालत नव्हती, पण दादाला चालणारी होती. आणि बेबीची त्याच्या बायकोला अगदी फिट. चार महिन्यांपूर्वी एकाच सकाळी चार ऑपरेशनं झाली. काकांना तो प्रकार फार पसंत पडला होता. काकांचा सगळा जन्म अदलाबदलीत गेलेला. कपाट द्यायचं, पलंग घ्यायचा. "रोकड नाही, दलाल नाही, असा चोख व्यवहार मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही," असं ते ज्याला त्याला सांगत.

पहिले काही आठवडे तपासणीच्या दिवशी ती दोघं हॉस्पिटलात दिसायची. मग दिसेनाशी झाली. त्यावर काकांनी आपला दुकानातला नियम लावला. गिऱ्हाईक परत आलं नाही म्हणजे माल धड आहे. चाळीस वर्षं त्यांनी ह्याच नियमावर धंदा केला होता आणि तो कधी चुकला नव्हता. घरानं तो मानला. बेबीनंही मानला, आणि मनापासून मानला, कारण तिला तो मानायचा होता.

त्या बाईला ती एकदाच नीट भेटली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रक्त द्यायच्या रांगेत. काटकुळी बाई, हॉस्पिटलचा निळा झगा खांद्यावरून घसरणारा. तिनंच बोलायला सुरुवात केली. "तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?" तिनं विचारलं. बेबी बुचकळ्यात पडली. "डाव्या. का?" "नाही, म्हणजे मीही तशीच झोपेन. तिला नवीन जागी एकदम करमायचं नाही." आणि दोघी खुदखुदून हसल्या होत्या. तेव्हापासून बेबी सकाळी उठून पेलाभर पाणी प्यायची तेव्हा तिच्या मनात यायचं, तीही आता पीत असेल. दिवसभर वेत विणताना कधी तरी तिच्याशी ती मनातल्या मनात बोलायचीसुद्धा. वरच्या खोलीत बोलायला दुसरं कोण होतं?

"काकू, खरं सांगा," दादा म्हणाला. "काका कुठे गेलेत?"

काकूंचा पदर आता पार विस्कटला होता. "त्या चष्मेवाल्याकडे," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"जाब विचारायला. म्हणाले, आपण अस्सल माल दिला आणि त्यानं ठिगळ लावलेला गळ्यात मारला. निदान तोंडावर सांगतो तरी."

दादानं कपाळाला हात लावला. वहिनी मटकन एका खुर्चीवर बसली आणि लगेच उठली, कारण त्या खुर्चीला बैठक नव्हती. "अहो, किडनी म्हणजे काय कपाट आहे का?" ती म्हणाली. मघाशी तीच तसं बोलत होती, हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण मग ती गप्प झाली.

तेवढ्यात शटर कुरकुरत वर गेलं. काका आत आले. काका कुठेही आले की आधी त्यांचा आवाज येतो आणि मग ते येतात, पण आज ते नुसतेच आले. त्यांच्या मागे एक ठेंगणा, स्वच्छ शर्ट घातलेला माणूस होता. त्याच्या वरच्या खिशातून चष्मा पुसायच्या पिवळ्या फडक्याचं टोक बाहेर आलं होतं. त्याच्यावरून बेबीनं त्याला ओळखलं.

"बसा," काका त्याला म्हणाले, आणि आपल्याच दुकानात त्यांना त्याच्यासाठी एक खुर्ची सापडेना.

"उभा राहतो," चष्मेवाला म्हणाला. "काका म्हणाले, तुमची तक्रार आहे. म्हटलं, येऊन ऐकून घ्यावी. ते बरोबर आहे तुमचं. दिलेल्या वस्तूची जबाबदारी असतेच."

"अहो नाही हो," काका म्हणाले. "मी म्हटलं ते सोडा. मी एक मूर्ख माणूस." काकांच्या तोंडून हे वाक्य ह्या घरात पूर्वी कुणी ऐकलेलं नव्हतं. ते दादाकडे वळले. "अरे, ह्यांच्या घरी..."

"माझी बायको गेली," चष्मेवाला म्हणाला. "दोन महिने होत आले. छातीत संसर्ग झाला. ह्या औषधांनी ताकद कमी होते ना शरीराची, ते तुम्हाला माहीतच आहे. साधा खोकला होता. चार दिवसांत सगळं आटोपलं."

काकू म्हणाल्या, "मग कळवायचं नाही का आम्हाला? एवढं झालं, आणि आम्ही आपले इथं..."

"कळवणार होतो. फोन हातात घ्यायचो. पण काय सांगायचं? ह्या बाईंनी कोणासाठी तरी एवढं पोट कापून घेतलं, आणि आम्ही ती चीज तीन महिनेही सांभाळली नाही, असं? मला तोंड दाखवायचा धीर होईना. मी माझ्या तपासणीचा वारसुद्धा बदलून घेतला. तुमची गाठ पडू नये म्हणून."

आता सगळे उठले. काकूंनी त्याला पेटीवर बसवलं. वहिनी पाणी आणायला धावली आणि ग्लास देता देता तीच रडायला लागली. मघाच्या बोलण्याची तिला लाज वाटत होती. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. सगळ्यांचं सगळं लक्ष त्या माणसाकडे लागलं होतं आणि ते योग्यच होतं. बेबी कोपऱ्यात होती तिथेच राहिली.

तिला फार विचित्र वाटलं. आपलं कुणीतरी गेलं असं तिला वाटलं, आणि तसं म्हणायचा आपल्याला हक्क आहे का, हे तिला कळेना. दोन महिने ती रोज सकाळी एका मेलेल्या बाईबरोबर पाणी पीत होती. ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितलं असतं की तुझी किडनी कुणाच्याच उपयोगी पडणार नाही, तरी तिनं ती दिली असती, दादासाठी दिली असती. पण हे कळल्यावर खोलीतल्या एकानं तरी आपल्याकडे वळून बघावं, असं तिला वाटलं. कुणी बघितलं नाही. तिच्यावर रागही नव्हता कुणाचा. सुचलं नाही त्यांना, एवढंच. आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

चष्मेवाल्यानं पाण्याचा घोट घेतला आणि दादाकडे बघत अगदी हलक्या आवाजात विचारलं, "माझी काय म्हणते?"

दादा त्याची नजर टाळत होता. "अडलीय," तो म्हणाला. "वाट अरुंद झालीय म्हणे. नळी घाला म्हणतात. पण बघा, मला आता वाटतं राहू दे. तुमच्या मंडळींचं तसं झालं, माझंही तेच व्हायचं. आज नळी, उद्या खोकला. काय जोर करायचा? चार दिवस शांत बसू दे मला."

"अरे, असं रे काय बोलतोस?" काका म्हणाले, पण त्यांच्या बोलण्यात दम नव्हता. घाबरले होते तेही.

बेबीनं हातातला वेत खाली ठेवला आणि ती उठून उभी राहिली. बराच वेळ मांडी घालून बसली की अलीकडे तिच्या कुशीत कळ यायची. ती कळ जिरेपर्यंत ती खुर्चीची पाठ धरून थांबली.

"ऊठ," ती दादाला म्हणाली.

"बेबी, आज नको गं."

"आजच. सकाळी डॉक्टर बोलत होत्या तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. मी ऐकत होते. ही काही किडनी बिघडलेली नाही. तुझं शरीर तिला नकोही म्हणत नाही. ती आपलं काम करतेय आणि तुझ्यामुळे तिचा जीव गुदमरतोय."

"तुला काय कळतंय..."

"मला कळतंय. दोघांनी दोन दिल्या, दादा. माझी गेली. आता ह्यांची एक तेवढी राहिलीय, आणि ती तुझ्या पोटात आहे. ती तुझ्या एकट्याची नाही. त्यात ह्यांचा वाटा आहे, माझा वाटा आहे, गेलेल्या बाईचाही आहे. मला त्यातलं काहीतरी उरायला हवंय. तू ती घरात बसून सडवायची नाहीस."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. पण बेबी एवढं सलग बोलते, हेच त्या घराला नवीन होतं. काकूंची मान डोलायची विसरली.

वहिनीनं डोळे पुसले. "वन्सं म्हणतात तसं करा," ती म्हणाली. "चला, उठा. चपला कुठायत?"

"ऊठ रे बाबा," काका म्हणाले. "मी टॅक्सी बघतो."

दादा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. बाजू घेणारं कुणी उरलं नाही हे त्याला दिसलं. चष्मेवाल्यानं पुढे होऊन स्टूल बाजूला केलं आणि त्याच्या काखेत हात घातला. दादा उठला. दारापर्यंत जाऊन त्यानं मागे वळून विचारलं, "बेबी, तू येतेस ना?"

"दरवेळी मीच येते," बेबी म्हणाली आणि चपला घालू लागली.

नळी घालायला फार वेळ लागला नाही. जागा बधिर केली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत डॉक्टरीणबाईंनी काम उरकलं. बाहेरच्या बाकावर सगळे ओळीनं बसले होते आणि वहिनी चक्कर येऊ नये म्हणून रुमालात नाक खुपसून बसली होती. आत बोलावलं तेव्हा दादा पाठीवर पडला होता. कॉटच्या कडेला पारदर्शक पिशवी अडकवलेली होती आणि ती भरत होती. सुरुवातीला थोडी लालसर, मग पिवळी, स्वच्छ. घरचे सगळे त्या पिशवीकडे असे टक लावून बघत होते की नर्सलाही हसू आलं.

"बघा किती साठवलं होतंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर आलात. एखाद-दोन दिवसांत रक्ताचे आकडे खाली येतील. मग आठवड्याभरानं ठरवू. कदाचित आतून एक स्टेंट टाकून भागेल. नाहीच भागलं तर छोटं ऑपरेशन. तुमची स्वतःची जुनी मूत्रवाहिनी आहे ना, जुन्या किडनीची, ती नुसती पडून आहे. तीच नव्या किडनीला जोडून द्यायची."

काकांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा खुलला. "म्हणजे घरात पडलेला जुना पार्ट काढून बसवायचा," ते म्हणाले. "डॉक्टर, तुम्ही आमच्या लाइनीतल्याच आहात की."

सगळे हसले, दादासुद्धा हसला आणि पोट दुखलं म्हणून थांबला. चष्मेवाला कॉटच्या पायथ्याशी उभा होता. दादानं त्याला हातानं जवळ बोलावलं. "या ना. बघा."

तो वाकला, पिशवीकडे बघितलं, मग चष्मा काढून त्या पिवळ्या फडक्यानं पुसला आणि पुन्हा बघितलं. "छान," तो म्हणाला. "छान चाललंय." दादानं त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तपासणीचा वार पुन्हा बदलून घ्या, असं काहीतरी दादा त्याला सांगत होता. वहिनी म्हणाली, येत चला घरी, आता तुम्ही परके नाही. काकू म्हणाल्या, आपलंच माणूस. कॉटभोवती आता छान घरगुती गर्दी झाली होती आणि बसायच्या जागा संपल्या होत्या.

"बेबी," दादा म्हणाला, "सगळ्यांसाठी चहा आणतेस का गं?"

बेबी चहा आणायला खाली उतरली. उपाहारगृह हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर होतं. तिथं रांग होती, म्हणून ती शेजारच्या बसस्टॉपच्या बाकावर जरा टेकली. संध्याकाळ व्हायला आली होती. भेटीची वेळ संपवून माणसं घरी चालली होती, कुणाच्या हातात रिकामा डबा, कुणाच्या खांद्यावर झोपलेलं मूल. थोड्या वेळानं चष्मेवाला फाटकातून बाहेर आला. तिला बघून घुटमळला, आणि मग येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"तुम्हाला अजून दुखतं का?" त्यानं विचारलं.

चार महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं असेल, पण ते त्यांचं कामच. "खाली बसून काम केलं की दुखतं," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"उकिडवं बसलं की. चष्म्याचा स्क्रू खाली पडला की कळतं."

बेबीला त्यावर हसू आलं.

"तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा," तो म्हणाला. "तिथं वर तुमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मला दिसलं."

बेबीला वाटलं, विचारू नये. ह्या माणसाची बायको गेलीय आणि आपण आपलं काय घेऊन बसलोय. पण विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"माझी..." ती म्हणाली. "शेवटी माझी कशी होती?"

त्यानं लगेच उत्तर दिलं. जणू दोन महिने तो ह्याच प्रश्नाची वाट बघत होता. "काम करत होती," तो म्हणाला. "शेवटपर्यंत. छाती गेली, शुद्ध गेली, श्वासाला मशीन लावलं, तरी तिची पिशवी भरत होती. नर्स मला म्हणाली, ही किडनी थांबायला तयारच नाही. मला वेड्यासारखी आशा वाटायची त्या पिशवीकडे बघून. सगळं थांबलं तेव्हा ती थांबली, त्याआधी नाही. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. खरं म्हणजे एवढंच सांगायचं होतं. पण हे सांगायचं तर आधी ते दुसरं सांगावं लागत होतं."

बेबीनं मान हलवली. वर खोलीत सगळे असतील, चहाची वाट बघत असतील. तिच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. वहिनीचाच असणार. तो वाजून वाजून थांबला.

बस आली. चष्मेवाला उठला, दारापाशी गेला, एक पाय पायरीवर ठेवून त्यानं मागे बघितलं. बेबी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. घरातलं जवळचं माणूस गेलं की बायका रडतात तशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता.

"येताय ना?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही, तुम्ही जा," तो म्हणाला आणि परत येऊन तिच्याशेजारी बसला.